काशिनाथमामांचा सोडा

लग्नकार्यात कुणी विचारलं, की तुम्ही नोकरीत काय करत होता, आणि मी "लॅबमध्ये होते" म्हटलं, की समोरचा माणूस आपली साखर सांगायला लागतो. उपाशीपोटी किती आली, जेवल्यावर किती आली, डॉक्टरांनी कुठली गोळी बदलली. मी ऐकून घेते. निम्मी नोकरी ऐकून घेण्यातच गेली, त्यामुळे सवय आहे. पण मनात म्हणते, साखर काय, कुणीही मोजेल. आम्ही रक्तातलं अॅसिड मोजायचो, तेसुद्धा उल्हासनगरात, समोरच्या फालुदावाल्याकडून बर्फ मागून आणून.

माझी पहिली नोकरी मात्र माणसांच्या रक्ताची नव्हती, टाक्यांची होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून लागले. रंग म्हणजे भिंतीचा नव्हे, कापडाचा. त्या रंगाला लागणारी भुकटी आमच्याकडे बनायची. ऑफिसातली टायपिस्ट सोडली तर साऱ्या कारखान्यात बाई मी एकटीच. पहिले काही दिवस मी प्लांटमध्ये शिरले की सगळे ऑपरेटर एकदम कामाला लागायचे. एकच माणूस जागचा हलायचा नाही, तो म्हणजे काशिनाथमामा.

मामा बदलापूरकडच्या एका गावचे, आगरी. शेतावर कारखाने आले तेव्हा कारखान्यात शिरलेल्या पहिल्या पिढीतले. त्यांचं काम न्यूट्रलायझेशनच्या टाकीवर. भुकटी काढून घेतल्यावर मागे जे पाणी उरतं ते भयंकर आंबट असतं. हातावर पडलं तर कातडी निघेल असं. ते तसंच नाल्यात सोडता येत नाही. त्यात सोडा टाकायचा, ढवळायचं, आणि आंबटपणा मारायचा. ऐकायला सोपं आहे. मीही कॉलेजात ब्युरेट आणि फ्लास्क घेऊन तेच केलं होतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी मामांना हिशेब करून सांगितलं, की आज इतक्या गोण्या टाका. मामांनी माझ्याकडे बघितलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, टाकीला तुजा हिशोब वाचता येत नाय."

मग त्यांनी शिकवलं. एकदम सोडा टाकला तर टाकी फसफसून उतू जाते, फेस गुडघ्यापर्यंत येतो. म्हणून सुरुवातीला गोण्या, मग घमेलं, मग ओंजळ, आणि शेवटी शेवटी मूठ. दर वेळी ढवळायचं, थांबायचं आणि पट्टीच्या कागदाचा तुकडा बुडवून बघायचा. कागद लाल आला तर जबर अॅसिड, पिवळा आला तर अजून अॅसिड आहे, हिरवा आला की टाकी बरोबर. निळा आला तर मात्र आपण पुढे गेलो; मग उलट अॅसिड टाकून मागे यायचं आणि सुपरवायझरच्या शिव्या खायच्या. गंमत अशी, की लालपासून पिवळ्यापर्यंत यायला गोण्याच्या गोण्या लागतात आणि हिरव्यापासून निळ्यात जायला एक ओंजळ पुरते. शेवटाजवळ आलं की हात आवरायचा, हे मामांचं सगळं शास्त्र. माझ्या प्रोफेसरांनी हेच फळ्यावर आलेख काढून सांगितलं होतं, पण ते समजलं मामांच्या टाकीवर.

कागदावर मामांचा देवासारखा विश्वास. माणूस खोटं बोलेल, मीटर खोटा बोलेल, कागद नाही. मशेरीच्या डबीशेजारी त्यांच्या खिशात आणखी एक डबी असायची, खायच्या सोड्याची. अंगावर अॅसिड उडालं तर पाण्यानं धुतल्यावर लावायला म्हणून प्लांटमध्ये त्याचा पिंप ठेवलेला असे. पण खरं सांगायचं तर त्यातला निम्मा सोडा ऑपरेटर लोकांच्या पोटात जायचा. छातीत जळजळलं की चिमूटभर सोडा, वर पाणी, एक ढेकर, आणि परत कामाला. टाकीला चालतो तो पोटाला का चालणार नाही, असा सरळ हिशेब. त्यात मलाही काही वावगं वाटलं नव्हतं.

तीनेक वर्षांनी मी कारखाना सोडला. संध्याकाळचा कोर्स करून पॅथॉलॉजीची पदविका घेतली आणि उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये लागले. गर्दीच्या बाजारात, खाली दुकानं आणि वर रुग्णालय. तिथले पेशंट म्हणजे एकेक नमुना. लघवी आणायला आम्ही रिकामी बाटली द्यायचो, पण लोक घरची आणायचे, आणि उल्हासनगरातल्या घरची बाटली म्हणजे तिच्यावर हमखास फॉरेनचं नकली लेबल. सेंटच्या बाटलीतून आलेल्या लघवीत साखर शोधणं किती अवघड असतं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. एक शेठ तर रिपोर्ट बघून म्हणाले होते, "मॅडम, थोडा एडजस्ट करो ना," जणू मी दुकानातली सेल्समन आणि हिमोग्लोबिन म्हणजे ताग्याचा भाव. मी त्यांना पालेभाजी खायला सांगितली.

नव्वदच्या आसपास रुग्णालयात ते मशीन आलं. मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या इस्पितळानं काढून टाकलेलं, रंग उडालेलं, पण चालणारं. रक्ताचा पीएच सांगणारं मशीन. आधी हा पीएच काय ते सांगते. काशिनाथमामांचा कागद जे रंगानं सांगायचा तेच आकड्यात सांगितलं की झाला पीएच. सातच्या खाली अॅसिड, सातच्या वर अल्कली. एक आकडा खाली उतरला की अॅसिड दहापट वाढलं असं समजायचं. कारखान्यात मी एकपासून बारापर्यंतचे आकडे बघितले होते. इथे डॉक्टर मला म्हणाले, की माणसाचं रक्त ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतं, आणि सातच्या खाली किंवा पावणेआठच्या वर गेलं तर माणूस सहसा वाचत नाही. मला ते खरंच वाटेना. टाकीवर इतक्या बारीक फरकाकडे आम्ही ढुंकूनही बघितलं नसतं.

शरीरात अॅसिड सतत तयार होत असतं. चाललो, जेवलो, नुसतं बसून राहिलो तरी. ते सावरायला तीन जण असतात. रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे खायच्या सोड्यातलंच, ते मोठ्या जावेसारखं दोन्हीकडचं पोटात घालतं. फुप्फुसं श्वासावाटे कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकतात. तो रक्तात साठला तर अॅसिड वाढतं, जास्त बाहेर गेला तर अल्कली. आणि मूत्रपिंडं, ती सावकाश पण चोख काम करतात; नको ते अॅसिड लघवीतून बाहेर, हवं ते बायकार्बोनेट परत आत. या तिघांनी मिळून काय चालवलंय ते आमचं मशीन सांगायचं. माझ्या मते विज्ञानात याहून सुंदर गोष्ट नाही, आणि हे मी निवृत्त झाल्यावरही तितक्याच अभिमानानं सांगते.

पण हे मशीन चालवणं म्हणजे नवी सून सांभाळण्यासारखं होतं. नेहमीचं रक्त शिरेतून काढतात, हे धमनीतून, मनगटातली नाडी लागते तिथून. त्यानं दुखतं. सिरिंजला रक्त न गोठण्याचं औषध लावायचं, पण थेंबभर जास्त झालं तरी आकडे चुकतात. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी चुकतात. रक्त काढल्यावर बर्फात ठेवलं नाही तरी चुकतात, कारण बाहेर आल्यावरही रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि आपला उद्योग चालूच ठेवतात. म्हणून फालुदावाल्याचा बर्फ. तो कधी पैसे घ्यायचा नाही, विचारायचा, "सीरियस केस है क्या?" आणि हो म्हटलं की मोठा खडा द्यायचा. आकडा बरोबर येतोय का हे बघायला ठरावीक पीएचची दोन तयार द्रावणं असतात, त्यांना बफर म्हणतात. रोज सकाळी आधी बफर, मग माणसं.

त्या काळी आमच्या फिजिशियन होत्या लालवाणी मॅडम. सिंधी, कॅम्पातच वाढलेल्या, करड्या आवाजाच्या. एकदा त्यांच्याकडे एक नवरी आणली होती, शालू-दागिन्यांसकट. मांडवात तिचा श्वास जोरजोरात चालू झाला होता आणि दोन्ही हात आखडले होते. अंगठे तळव्यात, बोटं ताठ एकत्र. सासरचे म्हणत होते बाहेरचं काहीतरी आहे. रक्ताचा पीएच आला ७.५८. घाबरून तिनं इतका श्वास सोडला होता, की सगळा कार्बन डायॉक्साइड बाहेर जाऊन रक्त अल्कली झालं होतं, आणि रक्त अल्कली झालं की हात असे आखडतात. मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं, तिच्याशी सिंधीत गप्पा मारल्या, श्वास हळू करायला लावला, आणि थोड्या वेळानं नवरी आपल्या हातांनी पदर सावरत मांडवात परत गेली. तो हात माझ्या डोक्यात पक्का बसला.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षात एका दुपारी आमचे निवासी डॉक्टर शिर्के यांनी निरोप पाठवला, की कारखान्यातला पेशंट आहे, बर्फ घेऊन ये. वॉर्डात गेले आणि पाय जागीच थबकले. पलंगावर काशिनाथमामा होते. गालफडं बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. कामावर टाकीजवळच बसल्या बसल्या कलंडले, असं त्यांना घेऊन आलेले दोघे सांगत होते. हाक मारली तर नुसतं हुं करायचे. हात आखडलेले होते. पायाशी हिरामामी, त्यांच्या बायको, पदर तोंडात धरून उभ्या होत्या. मी कारखान्यात असताना नव्या तांदळाच्या भाकऱ्या पाठवायच्या त्याच. त्यांनी मला ओळखलं आणि दंडाला घट्ट धरलं.

शिर्के तरुण पण हुशार. त्यांचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. माणूस अॅसिडच्या कारखान्यातला, उलट्या होत होत्या, गुंगी आली होती, आणि लघवी मी स्वतः तपासली ती चांगलीच आंबट. त्या काळात असा पेशंट आला की बायकार्बोनेटची सलाइन लावायची, ही सगळीकडचीच पद्धत होती. त्यांनी ती लावली होती. म्हणजे सोडाच, नळीतून, सरळ रक्तात. रक्ताचा रिपोर्ट फक्त किती लावायची ते ठरवायला हवा होता.

मी रक्त मशीनला लावलं. आकडा आला ७.६१.

मी स्वतःच विश्वास ठेवला नाही. लघवी अॅसिड, रक्त अल्कली, एकाच माणसात, एकाच वेळी? बफर लावले, ते बरोबर आले. उरलेलं रक्त परत लावलं, ७.६० आला. मी धावत वॉर्डात गेले, तोवर ओपीडी सोडून लालवाणी मॅडमही आल्या होत्या. त्यांनी एका हातात माझा लघवीचा रिपोर्ट धरला, दुसऱ्या हातात रक्ताचा, आणि म्हणाल्या, "सुनंदा, दोनों में से एक झूठ बोल रहा है. कोण, ते मला आत्ता पाहिजे."

पेच काय होता ते सांगते. मामांचं रक्त खरंच अॅसिड असेल आणि माझ्या रिपोर्टवर विसंबून सोडा बंद केला, तर मामा जाणार. रक्त खरंच अल्कली असेल आणि सोडा चालू ठेवला, तरी मामा जाणार. मामा श्वास अगदी हळू घेत होते. मॅडम म्हणाल्या, अॅसिड असतं तर धापा टाकल्या असत्या. मग स्वतःच म्हणाल्या, पण गुंगीत श्वास मंदावतो, आणि त्यानंही अॅसिड साठतं. हात बघून मला नवरी आठवली, मॅडमनाही आठवली असणार, पण केमिकलनं झटके आले तरी हात आखडतात. सगळं माझ्या आकड्यावर येऊन थांबलं.

आणि आकड्याबद्दल मॅडमनी नेमका तोच प्रश्न विचारला जो मला नको होता. बफरच्या बाटल्या कधी फोडल्या? मी सांगितलं, आज सकाळी, नवा माल. पूर्वी एकदा पुरवठादाराचा अख्खा माल खराब निघाला होता. बफरच चुकीचा असेल तर मशीन त्याच्याशी इमानदारीनं जुळवून घेतं आणि सगळ्यांचे आकडे चुकीचे देतं. तपासायला आणखी एक तयार नमुना मिळतो, तो संपला होता, मुंबईहून यायचा होता. मॅडमनी सलाइनचे थेंब हळू करायला सांगितले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना मशीनची खात्री हवी होती आणि माझ्याजवळ ती द्यायला काही नव्हतं.

मग सुचलं. ज्याचं रक्त बरोबर असणार हे आपल्याला आधीच माहीत आहे, असं कुणाचं तरी रक्त मशीनला लावायचं. त्याचा आकडा ७.४०च्या आसपास आला तर मशीन बरोबर. मॅडमना मधुमेह, शिर्केंना दमा. बाकीच्यांची प्रकृती ठाऊक नव्हती; खात्रीनं निरोगी म्हणावी अशी तिथे मीच होते. सगळ्यांना लॅबमध्ये आणून मी बाही वर केली आणि म्हटलं, "माझं काढा."

शिर्केंनी माझं मनगट धरलं. पहिल्यांदा सुई चुकली, हाडाला लागली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतक्या लोकांना "थोडंसं टोचेल हं" म्हटलं होतं, त्या सगळ्यांची मनात माफी मागितली. दुसऱ्या वेळी लाल भडक रक्त आपल्या जोरावर सिरिंजमध्ये चढलं. मी डाव्या हाताचा बोळा हनुवटीनं दाबून धरला आणि उजव्या हातानं रक्त मशीनला लावलं. मशीनच्या पडद्यावर आकडा थोडा वेळ खालीवर होतो, मग ठरतो. शिर्के, मॅडम, दोन नर्स, दारात मामांच्या कारखान्यातले ते दोघे, सगळे त्या पडद्याकडे बघत उभे होते. मला भीती वाटत होती आणि ती मशीनची नव्हती. माझं रक्त बरोबर नसेल तर, ही होती.

आकडा ठरला. ७.४१.

मॅडमनी तो मोठ्यानं वाचला आणि साऱ्या लॅबला ऐकू जाईल अशा करड्या आवाजात म्हणाल्या, "सुनंदाचं बरोबर आहे. म्हणजे ह्यांचंही खरं आहे." लगेच मामांचं ताजं रक्त आणून लावलं. ७.६३. सोडा रक्तात जात होता तेवढ्या वेळात आकडा वर चढला होता. मॅडम वॉर्डात गेल्या आणि नळीची चावी स्वतःच्या हातानं बंद केली.

आता लघवीचं कोडं राहिलं. मॅडम हिरामामींना बाकावर घेऊन बसल्या आणि शांतपणे विचारत गेल्या. मामी माझ्याकडे बघून बोलू लागल्या. मामांना जुना अल्सर होता. गेले काही महिने रोज संध्याकाळी उलटी, आणि उलटीत सकाळचं खाल्लेलं तसंच्या तसं. मामांचं म्हणणं, अॅसिड वाढलाय. मग सोडा. आणि सोडा किती घ्यायचा हे ते कसं ठरवत होते, तर प्लांटमधला पट्टीचा कागद घरी आणून. मामी म्हणाल्या, "रोज आपली लघवी कागद बुरवून बघाचे. पिवला आला का चमचा सोडा. परत बघाचे, परत पिवला. मंग परत चमचा. मना सांगाचे, हिरवा व्हयपर्यंत थांबाचा नाय."

शिर्केंनी कपाळाला हात लावला. मॅडम मात्र एकदम सरसावून बसल्या आणि आम्हा दोघांना समजावून सांगितलं. अल्सरमुळे जठराचं पुढचं तोंड आवळत गेलं होतं. अन्न पुढे सरकेना, उलटीवाटे पोटातलं अॅसिड, मीठ, पाणी सगळं बाहेर जात होतं. अॅसिड गेलं म्हणून रक्त अल्कली, त्यात वरून मामांचा सोडा. मग लघवी आंबट का? तर घरात पाण्याची टंचाई असली की आपण धुणंभांडी बघत नाही, आधी पिण्याचं भरून ठेवतो. मूत्रपिंडांचं तसंच झालं होतं. शरीरात मीठपाणी इतकं कमी पडलं, की ते धरून ठेवायचं म्हणून त्यांनी अॅसिडवर पाणी सोडलं. रक्ताला अॅसिडची गरज असताना मूत्रपिंडं ते बाहेर टाकत होती. आणि मामा त्या बाहेर टाकलेल्या अॅसिडचा कागद बघून आणखी सोडा घेत होते. जितका सोडा, तितकं रक्त बिघडत होतं, आणि कागद मात्र पिवळाच. अशी चूक साऱ्या अंबरनाथमध्ये फक्त काशिनाथमामाच करू शकले असते, कारण इतक्या शिस्तीनं कागद बुडवणारा दुसरा माणूसच नव्हता.

उपाय काय, तर साधं मिठाचं पाणी. सलाइन, त्यात मोजून पोटॅशियम. मूत्रपिंडांची टंचाई संपली, की रक्ताचं ती स्वतःच बघून घेतात. पोटॅशियम घाईनं देता येत नाही, हृदयाला धोका असतो, म्हणून सगळं सावकाश चाललं. मी रक्त लावत राहिले आणि आकडा उतरत राहिला. ७.५८, मग ७.५४. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांची बोटं सुटली आणि त्यांनी पाणी मागितलं. हिरामामींनी तिथेच जमिनीला हात लावून नमस्कार केला. कुणाला, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मामा उशीला टेकून बसले होते. मॅडमचं सगळं ऐकून झालं होतं. मी गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, की आकडा किती होता. मी सांगितला. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मरता मरता वाचलो म्हणून नव्हे, हे मला कळत होतं. उभ्या आयुष्यात एक टाकी कधी निळ्यात जाऊ दिली नव्हती, आणि आपली स्वतःची गेली, हे त्यांना लागलं होतं.

शेवटी म्हणाले, "कागद पिवला दाखवीत व्हता गो. कागद कवा खोटा बोलत नाय."

मी म्हटलं, "मामा, कागद खरंच बोलत होता. तुम्ही नाल्याचं पाणी तपासत होता. टाकीचं नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं, हसता हसता खोकला आला आणि नर्स धावत आली. माझ्या सगळ्या नोकरीत मी कुणाला काही समजावून सांगितलं असेल तर ते हे एक वाक्य. पुढे मामांचं ऑपरेशन झालं, जठराला नवी वाट करून दिली, आणि ते शेतावर परतले. टाकीवर मात्र पुन्हा गेले नाहीत, नवीन माणसाला शिकवायलाही नाहीत. त्याची हळहळ मला अजून वाटते. ते जुनं मशीनही पुढे भंगारात गेलं. आताची मशीनं बफर मागत नाहीत, बर्फ मागत नाहीत, थेंबभर रक्तात सगळं छापून देतात. चांगलंच आहे. पण त्या दिवसानंतर आमच्या रुग्णालयात डोळे झाकून सोडा लावणं बंद झालं, मॅडमनी तसा नियमच केला, आणि त्या नियमात माझा वाटा आहे हे मी कुणालाही ठणकावून सांगते.

मामा हसले त्या संध्याकाळी मी अंबरनाथला घरी आले. बाबा ओट्यावर बसले होते. फिटर म्हणून आयुष्यभर कारखान्यात राबून ते नुकतेच निवृत्त झाले होते. लहानपणी गावात त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतत. भांड्याला त्यांचा हात लागू देत नसत. छप्पन साली, नुकतीच विशी ओलांडली होती तेव्हा, त्यांनी गावातल्या माणसांबरोबर धम्माची दीक्षा घेतली आणि मग गावच सोडलं. हे ते क्वचित सांगत, आणि सांगितलं तरी कामाच्या गोष्टीसारखं, भावना न दाखवता.

त्यांनी माझं मनगट बघितलं. काळंनिळं झालं होतं. काय झालं विचारलं, म्हणून मी सगळं सांगितलं, मामांचं, सोड्याचं, मशीनचं. बाबांनी मध्येच थांबवलं. त्यांना बाकी काही नको होतं, फक्त तेवढंच परत हवं होतं. मशीनला बरोबर काय ते कशावरून कळलं?

"माझ्या रक्तावरून," मी म्हटलं. "माझं बरोबर आलं, म्हणून सगळ्यांनी ते प्रमाण धरलं. त्यावरून मामांचं ठरवलं."

बाबांनी माझा हात मांडीवर घेतला आणि त्या काळ्यानिळ्या डागावर अंगठा ठेवला, अगदी हलका. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बरोबर आहे असं म्हणाले ना? मोठ्यानं म्हणाले?"

"हो बाबा. मोठ्यानं म्हणाले."

त्यांनी आत वळून आईला हाक मारली. म्हणाले, गॅस बंद कर आणि बाहेर ये, सुनंदा काय सांगते ते ऐक. आई हात पुसत येऊन बसली आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.